सीमेपार जाणारं सागवान कसं अडवायचं: बडोद्यात राहून करता येण्यासारखी कामं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मागच्या दिवाळीआधी घरातल्या दोन चौकटी बदलायच्या होत्या म्हणून लातीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, गेले होते. दांडियाबाजारातलं आमचं घर जुनं, वाळवीने चौकटी आतून पोकळ केलेल्या, त्यामुळे सागवानच घ्यायचं हे ठरलेलं. लातीवाल्याने एक भाव सांगितला, मग हळू आवाजात दुसरा सांगितला, जवळजवळ निम्मा, आणि वर म्हणाला, "बेन, बिलनुं शुं काम छे?" (ताई, बिलाचं काय काम?) मागच्या शेडमध्ये नेऊन नग दाखवले. ओबडधोबड चौरस केलेले, एका बाजूला साल तशीच, कडेला कुऱ्हाडीचे घाव, आणि हात लावला तर अजून ओलसर. त्याच्या दहा-बारा दिवस आधी आम्ही काही जण डेडियापाड्याकडे फिरायला गेलो होतो तेव्हा रस्त्यापासून थोडं आत सागाचे तीन ताजे बुंधे दिसले होते. ते झाड आणि हा नग एकच असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बुंधा आणि चौकट यांच्यामधे जे असतं ते म्हणजे कागद, आणि कागद बघायला जंगलात रात्री जावं लागत नाही, आपल्यासारख्यांना तो दिवसाढवळ्या बघता येतो.

लोक विचारतात आम्ही शहरातले काय करणार, म्हणून मला जे जे माहीत आहे ते इथे लिहितेय. थोडं लांबलचक होईल, पण कामाचं आहे.

सीमा कुठे आहे आणि तिचा फायदा कोण घेतं

शूलपाणेश्वर अभयारण्य नर्मदा जिल्ह्यात आहे, ६०७.७० चौरस किलोमीटर. १९८२ मध्ये डुमखलचं अस्वलांचं अभयारण्य म्हणून सुरू झालं आणि १९८९ मध्ये वाढवून आत्ताचं नाव मिळालं. बडोद्याहून केवडिया साधारण ९० किलोमीटर, म्हणजे पुतळा बघायला आपण सगळे जाऊन आलोय, पण त्याच्या मागचे डोंगर सहसा कोणी बघत नाही. त्या डोंगरांच्या अलीकडे डेडियापाडा, सागबारा, पलीकडे महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातलं अक्कलकुवा, मोलगी, आणि नर्मदेच्या जलाशयाच्या अंगाने वर गेलं की मध्यप्रदेशचा अलीराजपूर जिल्हा लागतो. जंगलाला ही रेघ माहीत नाही, तिथल्या माणसांनाही फारशी नाही, सोयरिकी दोन्हीकडे आहेत. रेघ आहे ती फक्त वनखात्याला. इकडचा बीटगार्ड टेकडी उतरून पलीकडे गेला की तिकडच्या रेंजला, म्हणजे वनपरिक्षेत्राच्या ऑफिसला, कळवणं आलं, आणि तेवढ्या वेळात पिकअप हायवेला लागलेली असते.

पण पळून जाणं हा सीमेचा छोटा फायदा. मोठा फायदा म्हणजे सीमेपलीकडे गेलं की लाकूड "धुतलं" जातं. समजा एका शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली २० सागाची झाडं तोडायची परवानगी घेतली. महाराष्ट्रात अशा मालकीच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, त्याखाली रीतसर परवानगी मिळते आणि त्यात काहीच गैर नाही. आता शेतात विकण्याजोगी झाडं आहेत ८. उरलेल्या १२ झाडांचं लाकूड टेकडीपलीकडच्या अभयारण्यातून आलं आणि त्याच परवानगीवर निघालेल्या वाहतूक पासावर चढलं तर पुढे चेकनाक्यावर कोण काय ओळखणार? कागद खरा, शिक्का खरा, फक्त झाड दुसरं. म्हणून मी म्हणते की कुऱ्हाडवाल्याच्या मागे धावण्याइतकंच त्या पासाच्या मागे लागणं महत्त्वाचं आहे.

देशांच्या सीमेचंही हेच. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तरी "बर्मा टीक", म्हणजे म्यानमारचं सागवान, हा शब्द बाजारातून गेलेला नाही. आपल्या गुजरातचं कांडला हे तर देशातलं परदेशी लाकडाचं मोठं बंदर, घाना, कोस्टारिका इकडून लागवडीचं सागवान तिथे उतरतं. ते कायदेशीर असू शकतं, पण कोणी तुम्हाला बर्माचा ताजा ओंडका म्हणून काही दाखवलं तर तो कुठल्या साली, कुठल्या कागदावर आला हे विचारा, कारण बंदीनंतरचा ओंडका असेल तर गडबड आहे.

लातीवर काय विचारायचं

हे काम सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त परिणाम करणारं, कारण निम्म्या भावाचं गिऱ्हाईक आपणच आहोत.

पहिलं म्हणजे पक्कं बिल मागा. मग म्हणा की हा माल तुमच्याकडे ज्या वाहतूक पासावर आला तो दाखवा. त्याला टीपी (ट्रान्झिट पास) म्हणा, पास म्हणा, त्यांना कळतं. पासावर झाडाची जात, नग किती, लांबी, गोलाई, घनफळ, गाडीचा नंबर, कुठून कुठे, आणि मुदत असते. मुदत नक्की बघा, कारण एकाच पासावर मुदतीत दोन-तीन फेऱ्या मारणं ही जुनी युक्ती आहे. पासाचा नंबर आपल्या बिलावर लिहून घ्या. खरा व्यापारी चिडत नाही, उलट कागद काढून दाखवतो, मी पुढे ज्यांच्याकडून घेतलं त्या काकांनी तर फाईलच समोर ठेवली. वनविभागाच्या डेपोतल्या लिलावातून घेतलेला माल असेल तर लिलावाची पावतीपण असते, आणि ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा मार्क, म्हणजे खात्याने ठोकलेली खूण. हा मार्क खोटा मारणं किंवा घासून काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे, म्हणून तोंडाकडचा भाग मुद्दाम नुकताच कापलेला दिसला तर का कापला ते विचारा.

२९ डिसेंबर २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय ट्रान्झिट पास सिस्टिम सुरू केली, एक राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यात जाताना वेगवेगळे पास काढायला नकोत म्हणून. त्या पासावर क्यूआर कोड असतो. परराज्यातला माल असेल आणि पास त्या सिस्टिममधला असेल तर कोड स्कॅन करून कागदावरचे आकडे आणि स्क्रीनवरचे आकडे जुळतात का बघा. आणि एका खेपेचा माल ५० हजार रुपयांच्या वर गेला की ई-वे बिल लागतं, त्यावरचा गाडी नंबर आणि पासावरचा गाडी नंबर वेगळा निघाला तर तिथेच थांबा.

मापाचं एक सांगते, कारण इथे भलेभले गोंधळतात. गोल लाकडाचं घनफूट काढायची आपल्याकडची पद्धत म्हणजे गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. म्हणजे गोलाई ४ फूट, लांबी १० फूट असलेला ओंडका १० घनफूट धरतात. प्रत्यक्षात त्यात लाकूड पावणेतेरा घनफुटाच्या आसपास असतं. त्यामुळे कागदावर १० आणि डोळ्याला जास्त दिसलं म्हणून लगेच चोरी समजू नका, आधी माप कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा, मगच बोला.

एवढं सगळं नको असेल तर जुनं सागवान घ्या. बडोद्यात पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधली, जुनी घरं पडतात तेव्हा दारं, तुळया विकायला निघतात, लाकूड मुरलेलं असतं आणि जंगलातलं एकही झाड पडत नाही. आमची दुसरी चौकट अशाच तुळईतून निघाली.

जंगलात गेलात आणि काही दिसलं तर

आधी सुरक्षितता. अभयारण्यात परवानगी घेऊनच जा, विनापरवाना आत शिरलात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ खाली तुम्हीच गुन्हेगार, आणि मग तुमच्या तक्रारीला कोण विचारणार. तोड चालू असताना आवाज आला तर तिकडे जाऊ नका, गाडी अडवू नका, समोरच्याचा चेहरा टिपायला मोबाईल वर करू नका. आमच्यातला एक मुलगा एकदा पिकअपच्या मागे बाईक घेऊन गेला होता, सुदैवाने काही झालं नाही, पण त्या रात्री त्याच्या आईचा फोन मी घेतला होता आणि पुन्हा तसा फोन घ्यायची माझी इच्छा नाही. धोका दिसला तर ११२ लावा आणि निघून या.

ताजा बुंधा दिसला आणि आजूबाजूला कोणी नाही अशी खात्री असेल तर चार गोष्टी बघायच्या. एक, बुंध्यावर हातोड्याचा मार्क आणि नंबर आहे का, कारण खात्याने स्वतः तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर मार्क सोडलेला असतो. दोन, घाव कुऱ्हाडीचा की करवतीचा. तीन, ताजेपणा. भुसा ओला आहे का, कडेला रस आहे का, आणि सागाचं विशेष म्हणजे तोडल्यावर बुंध्यातून नवीन धुमारे फुटतात, ते बोटभर आहेत की हातभर यावरून साधारण किती दिवस झाले याचा अंदाज येतो. चार, बुंधा लपवलाय का, म्हणजे माती, पालापाचोळा टाकलाय किंवा वरून जाळलाय. जाळलेला एकटा बुंधा आणि आजूबाजूचं गवत हिरवं, हे दिसलं तर नोंद हवीच.

फोटो तीन अंतरावरून काढा. लांबून जागा ओळखू येईल असा, मधून पूर्ण बुंधा, आणि जवळून शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवून. फोनचं लोकेशन चालू असू द्या. बुंधा हलवू नका, तुकडा काढून आणू नका, कारण पुढे जप्त केलेला ओंडका आणि हा बुंधा यांची तोंडं जुळवून बघायची वेळ आली तर तो जसाच्या तसा लागतो. लाकूड कुठल्या जातीचं हे प्रयोगशाळेतही ठरवता येतं, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आणि बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत हे काम होतं, पण नमुना अधिकाऱ्याने पंचनामा करून काढलेला असेल तरच त्याला कोर्टात किंमत.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि लोकेशनची माहिती निघून जाते. मूळ फाईल फोनमधून डिलीट करू नका, क्रॉपही करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं, मूळ फाईल असली तर ते देता येतं. आणि कृपा करून ग्रुपवर लोकेशन टाकू नका. चांगल्या मनाने टाकलेली पिन तासाभरात नको त्या माणसापर्यंत पोचते.

घरी बसून उपग्रहावरून बघणं

सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, कोपर्निकस ब्राउझरवर अकाउंट काढलं की झालं, १० मीटरचा एक ठिपका आणि साधारण ५ दिवसांनी नवीन चित्र. ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर झाडोरा गेल्याचे अलर्ट येतात, आणि नासाच्या फर्म्सवर आग लागल्याचे ठिपके. आमच्यातल्या दोघीजणी दर महिन्याला एक संध्याकाळ यावर बसतात.

पण यात फसायला फार होतं. आपलं हे जंगल पानझडीचं, साग फेब्रुवारीपासून उघडा पडायला लागतो, आणि एप्रिलचं चित्र जानेवारीशी लावलं तर अख्खा डोंगर तोडलाय असं वाटतं. पहिल्या वर्षी आम्ही घाबरून तक्रार लिहिलीसुद्धा होती, बरं झालं पाठवायच्या आधी एका जाणत्याला दाखवली. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरची, तेव्हा पाऊस गेलेला असतो आणि पानं असतात. दुसरं म्हणजे चोर अख्खं रान साफ करत नाहीत, इथलं एक तिथलं एक चांगलं झाड काढतात, आणि तसं एकटं झाड १० मीटरच्या ठिपक्यात दिसतच नाही. उपग्रहावर दिसतं ते नवीन फुटलेली गाडीवाट, ओढ्याच्या काठची मोकळी झालेली जागा, तेच शोधा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मागे-पुढे करून वाट कधी फुटली ते बघता येतं.

तक्रार कशी लिहायची, आणि कोणाला

इथे बहुतेक लोक चुकतात. फोन करतात, समोरचा "बघतो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्याबरोबरही एकदा झालं, एका ऑफिसात तीन वेळा फोन केला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने पहिल्यापासून सगळं विचारलं. तेव्हापासून मी फोन केला तरी त्याच दिवशी लिहून पाठवते.

एक पान पुरतं. तारीख, वेळ, ठिकाण अक्षांश-रेखांशासकट, जवळचं गाव, काय पाहिलं ते डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, किती बुंधे, अंदाजे गोलाई, गाडी दिसली असेल तर नंबर आणि दिशा. "अमक्याचा हात आहे" असलं काही लिहू नका, पुरावा नसताना नाव घेतलं की तक्रार भांडणात जाते. शेवटी दोन मागण्या: जागेचा पंचनामा करावा, आणि वनगुन्हा नोंदवला असल्यास त्याचा नंबर कळवावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्र सीमेच्या दोन्हीकडे एकाच वेळी पाठवा. इकडे रेंज फॉरेस्ट ऑफिसर आणि डीसीएफ (उपवनसंरक्षक), तिकडे नंदुरबार बाजूच्या वनविभागाला, आणि प्रत्येकाच्या पत्रात खाली दुसऱ्याला प्रत पाठवल्याचं लिहा. लाकूड अलीराजपूरकडे गेल्याचं दिसलं असेल तर तिसरी प्रत तिकडे. यामुळे "ते आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर द्यायची सोय राहत नाही. इथे आपल्या बडोद्याच्या मराठी माणसांचा मोठा उपयोग आहे बरं का. आपण गुजरातीत पत्र लिहू शकतो आणि मराठीतही, तिकडच्या माणसाला त्याच्या भाषेत नीट फोन करू शकतो, ही गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे की मराठीत आलेलं नीटनेटकं पत्र तिकडे लवकर वाचलं जातं. महाराष्ट्राच्या हद्दीतलं असेल तर हॅलो फॉरेस्टची १९२६ हेल्पलाईनही आहे. बंदर, परदेशी लाकूड, रक्तचंदन असला काही मामला वाटला तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला लिहा, तो केंद्राचा आहे, त्याला राज्याची सीमा आडवी येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. अभयारण्यातून वनोपज काढणं १९७२ च्या कायद्याच्या कलम २९ खाली मना आहे, कलम ५१ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९२७ च्या कायद्याचं कलम ५२ गाडीसकट माल जप्त करू देतं, आणि कलम ६९ म्हणतं की वाद असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत ते लाकूड सरकारचं धरलं जाईल, म्हणजे कागद दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे माल सापडला त्याची. आणि खात्याने काहीच केलं नाही तर १९७२ च्या कायद्याच्या कलम ५५ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकही कोर्टात तक्रार करू शकतो. ही नोटीस मी अजून दिलेली नाही, द्यायची वेळ आली तर वकील बरोबर घेऊनच द्या.

गावाशिवाय हे होत नाही

हे मी मनापासून लिहितेय. डोक्यावर मोळी घेऊन चाललेली तिथली वसावा आदिवासी बाई म्हणजे तस्कर नाही. बांबू, मोह, टिमरूची (तेंदूची) पानं यावर वनहक्क कायदा २००६ ने तिथल्या लोकांना हक्क दिलेला आहे, त्यांचे फोटो काढून "जंगलचोर" म्हणून फिरवणं हा अन्याय आहे आणि मी अशा दोन पोस्ट भांडून काढायला लावल्या आहेत. रात्री कुऱ्हाड चालवणाऱ्याला मजुरी मिळते तेवढीच, मोठा पैसा लातीपर्यंतच्या साखळीत असतो.

उलट याच कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिलाय आणि नियमांप्रमाणे ग्रामसभा त्यासाठी समिती नेमू शकते. अशी समिती ज्या गावात जागी आहे तिथे अनोळखी पिकअप आली की अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं, हे काम कुठलाच उपग्रह करू शकत नाही. आपण काय देऊ शकतो? टॉर्च, रेनकोट, फोनचा रिचार्ज, अर्ज टाईप करून देणं, तालुक्याला एकदा बरोबर जाणं. आणि माहिती देणाऱ्याचं नाव कुठेही लिहायचं नाही, आपल्या डायरीतही नाही. आपण रविवारी परत बडोद्याला येतो, त्याला तिथेच राहायचंय.

मागे लागणं

पत्र गेल्यावर कॅलेंडरवर तीन खुणा करा. सातव्या दिवशी फोन, पंचनामा झाला का. पंधराव्या दिवशी स्मरणपत्र, परत दोन्हीकडे. तिसाव्या दिवसापर्यंत काहीच नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला उत्तर द्यायची मुदत ३० दिवस असते. अर्जात मोघम विचारू नका. त्या रेंजमध्ये मागच्या एक वर्षात नोंदवलेले लाकडाचे वनगुन्हे, जप्त मालाच्या रजिस्टरची प्रत, मालकी झाडांसाठी दिलेल्या परवानग्या आणि त्यावर निघालेले पास, एवढंच मागा. परवानगीतली झाडं आणि पासांवरचं एकूण घनफूट शेजारी शेजारी लिहिलं की कुठल्या शेतातून शक्य नाही इतकं लाकूड निघालंय ते कागदच सांगायला लागतो.

आमच्या तीन बुंध्यांच्या पत्राचं उत्तर बाविसाव्या दिवशी आलं, पंचनामा झाल्याचं आणि गुन्हा नंबरसकट. पलीकडच्या ऑफिसचं उत्तर अजून यायचंय. दुसरं स्मरणपत्र या सोमवारी जाईल, त्याचा मराठी मजकूर कोणाला नमुना म्हणून हवा असेल तर मागा, जागा आणि नावं काढून देते.